टू-स्ट्रोकचा निळा धूर आणि इंजेक्शनच्या तीन वाटा

नावेच्या मागे बसवल्या जाणाऱ्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनात पेट्रोलचा मोठा हिस्सा न जळताच पाण्यात जात असे. ही गळती थांबवण्यासाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिका, जपान, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियातील अभियंत्यांनी वेगवेगळी तंत्रे पुढे आणली. ती तंत्रे कोणती, त्यांत फरक काय आणि यशस्वी होऊनही ती मागे का पडली, याचा हा आढावा.

पेट्रोल पंपावर स्कूटर उभी करायची, टाकीत पेट्रोलसोबत मापाने टू-टी ऑइल घालायचे आणि निघताना मागे निळसर धुराचा लोट सोडायचा, हे दृश्य मुंबई-पुण्याच्या मध्यमवयीन वाचकांना अपरिचित नाही. स्कूटर, मोपेड आणि रिक्षा यांची एक संपूर्ण पिढी टू-स्ट्रोक इंजिनावर चालली. शहरातल्या रस्त्यांवरून ते इंजिन आता जवळपास हद्दपार झाले आहे. पाण्यावर मात्र त्याची कारकीर्द अधिक लांबली आणि तेथेच त्याला सुधारण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न झाला.

आउटबोर्ड म्हणजे नावेच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेले इंजिन. वर इंजिनाचे डोके, मध्ये उभा दांडा आणि खाली पाण्यात बुडालेला पंखा, अशी त्याची रचना असते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर पाण्याखाली गेले, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी बोटी रस्त्यांवरून फिरताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिल्या. त्या बोटींच्या मागे दोरी ओढून किंवा बटण दाबून सुरू होणारी जी यंत्रे होती, ती आउटबोर्ड जातीचीच. दोन-तीन माणसांना उचलता यावे, बिघडले तर काढून दुसरे लावता यावे आणि वजनाच्या मानाने जोर भरपूर असावा, या तीन अपेक्षा अशा यंत्राकडून असतात. त्या पूर्ण करण्यात टू-स्ट्रोक इंजिनाचा हात अनेक दशके कोणी धरू शकले नाही.

नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले ओल एव्हिनरुड यांनी १९०९ मध्ये मिलवॉकी शहरात आपले आउटबोर्ड विकायला सुरुवात केली. अशा इंजिनांचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. पण आउटबोर्डचा व्यापारी उद्योग खऱ्या अर्थाने उभा राहिला तो एव्हिनरुड यांच्यापासून. पुढची सुमारे नव्वद वर्षे या उद्योगाचा कणा कार्ब्युरेटर बसवलेले टू-स्ट्रोक इंजिन हाच राहिला.

साधेपणाची किंमत

चार-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या चार वेळा वर-खाली झाला की एकदा ठिणगी पडते. आत घेणे, दाबणे, जाळणे आणि बाहेर टाकणे ही चार कामे चार स्वतंत्र धावांत होतात. टू-स्ट्रोक इंजिन ही चारही कामे दोनच धावांत उरकते, म्हणजे प्रत्येक फेरीला एकदा ठिणगी. त्यामुळे त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती मिळते. शिवाय व्हॉल्व्ह आणि ते उघडझाप करणारा कॅमशाफ्ट यांची गरज उरत नाही. सिलिंडरच्या भिंतीतच झरोके ठेवलेले असतात. दट्ट्या खाली गेला की ते उघडतात आणि वर आला की झाकले जातात.

घोटाळा होतो तो येथेच. जळालेला वायू बाहेर जाण्याचा झरोका आणि ताजी हवा आत येण्याचा झरोका काही काळ एकाच वेळी उघडे असतात. किंबहुना आत येणारा ताजा वायूच जुन्या धुराला बाहेर ढकलतो. कार्ब्युरेटरच्या इंजिनात हा ताजा वायू म्हणजे निव्वळ हवा नसते. तिच्यात पेट्रोल आधीच मिसळलेले असते. घर झाडताना केरासोबत पाटावरचे धान्यही उंबऱ्याबाहेर जावे, तसे जुन्या धुरासोबत हे नवे पेट्रोलही थेट बाहेर निसटते. अशा रीतीने एकूण इंधनाच्या २५ ते ३० टक्क्यांपर्यंत इंधन न जळताच वाया जाते. शंभर लिटर पेट्रोल भरले, तर त्यातले पंचवीस-तीस लिटर पंखा फिरवण्याच्या कामी येतच नाही.

दुसरा प्रश्न तेलाचा. टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे दट्ट्याखालच्या पोकळीत येते आणि तेथून वर जाते. त्या पोकळीत चार-स्ट्रोक इंजिनाप्रमाणे तेलाचा साठा ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते; ५० लिटर पेट्रोलला एक लिटर तेल हे नेहमीचे प्रमाण. बेअरिंगांना ओशट करून हे तेल अखेर जळते किंवा अर्धवट जळून बाहेर पडते. निळा धूर तो याच तेलाचा.

पाण्यातले पेट्रोल

रस्त्यावरच्या वाहनाचा धूर हवेत विरतो. मध्यम आणि मोठ्या आउटबोर्डचा धूर मात्र बहुधा पंख्याच्या मध्यातून थेट पाण्याखाली सोडला जातो. आवाज कमी व्हावा हा त्यामागचा हेतू. साहजिकच निसटलेले पेट्रोल आणि तेल पाण्याशी प्रथम गाठ घालते. पिण्याच्या पाण्याच्या सरोवरांवर हजारो नावा फिरू लागल्या, तेव्हा हा प्रश्न केवळ इंधनाच्या उधळपट्टीचा राहिला नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील कॉन्स्टन्स सरोवराचे पाणी लाखो लोक पितात. तेथे नावेच्या इंजिनांसाठी धुराचे कडक निकष १९९३ पासूनच लागू झाले.

अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये आउटबोर्ड आणि जलस्कूटर यांच्यासाठी नियम केला. १९९८ च्या प्रतिमानांपासून सुरुवात करून २००६ पर्यंत टप्प्याटप्प्याने न जळलेल्या हायड्रोकार्बनचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांनी खाली आणण्याचे बंधन त्यात होते. कॅलिफोर्निया राज्याने १९९८ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. केंद्राने २००६ साठी ठरवलेली पातळी राज्याने २००१ मध्येच सक्तीची केली आणि इंजिनावर एक, दोन किंवा तीन ताऱ्यांची चिठ्ठी लावण्याची पद्धत सुरू केली. तीन तारे म्हणजे एका ताऱ्याच्या पातळीपेक्षा ६५ टक्के कमी प्रदूषण.

कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमेवरील ताहो सरोवर हे स्वच्छ पाण्यासाठी प्रसिद्ध. सुमारे पाचशे मीटर खोल असलेल्या या सरोवरावर १ जून १९९९ पासून कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनांना बंदी झाली. या बंदीचा तपशील तांत्रिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. टू-स्ट्रोक इंजिनावर सरसकट बंदी नव्हती. सिलिंडरच्या आत थेट इंधन सोडणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांना मुभा होती. म्हणजे दोष टू-स्ट्रोक तत्त्वात नसून इंधन कोठे आणि केव्हा मिसळले जाते यात आहे, हे नियम करणाऱ्यांनीही मान्य केले होते.

नुसते इंजेक्शन पुरेसे नाही

इंधन अंतःक्षेपण, अर्थात फ्युएल इंजेक्शन, हा शब्द आज मोटारीच्या जाहिरातींमुळे घरोघरी पोहोचला आहे. इंजेक्शन म्हटले की प्रदूषण कमी, असा समजही रूढ आहे. टू-स्ट्रोकच्या बाबतीत हा समज अर्धाच खरा ठरतो.

इंजेक्शनचा पहिला प्रकार म्हणजे कार्ब्युरेटर काढून त्याच्या जागी, हवेच्या वाटेवर, संगणकाच्या आज्ञेने पेट्रोल फवारणारी तोटी बसवायची. १९८० च्या दशकातच काही आउटबोर्डवर अशी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत आली होती. तिचे फायदे खरे होते. थंडीत इंजिन चटकन सुरू होई, प्रत्येक सिलिंडरला सारखे इंधन मिळे, वेग वाढवताना अडखळणे कमी होई. पण पेट्रोल अजूनही हवेसोबत क्रँककेसमधूनच वर येत होते आणि झरोक्याशी तोच जुना प्रसंग घडत होता. मोजून-मापून आत घेतलेले इंधन मोजून-मापूनच बाहेर निसटत होते, एवढाच फरक.

खरा उपाय तर्काने सोपा आहे. आत येणाऱ्या ताज्या वायूत पेट्रोल असूच नये. धूर बाहेर ढकलण्याचे काम निव्वळ हवेने करावे आणि बाहेर जाण्याचा झरोका मिटत आला की मगच सिलिंडरच्या माथ्यावरून पेट्रोल फवारावे. मग निसटली तरी हवाच निसटेल. यालाच थेट इंजेक्शन म्हणतात. कागदावर एका ओळीत मांडता येणारी ही कल्पना यंत्रात उतरवणे मात्र अत्यंत कठीण होते आणि त्याचे कारण आहे वेळ.

आउटबोर्ड पूर्ण वेगात असताना मिनिटाला सुमारे सहा हजार फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला शंभर. एक फेरी दहा मिलिसेकंदांची झाली. झरोका मिटल्यापासून ठिणगी पडेपर्यंत पाव फेरीहून कमी अवधी उरतो, म्हणजे अडीच मिलिसेकंदांच्याही आत. एवढ्या वेळात पेट्रोल आत यायला हवे, त्याचे अतिसूक्ष्म थेंब व्हायला हवेत, त्यांची वाफ होऊन ती हवेत मिसळायला हवी. थेंब मोठा राहिला तर तो अर्धवट जळून काजळी धरतो. म्हणूनच पूर्ण वेगात थेट इंजेक्शनच्या इंजिनांनाही फवारा थोडा आधी, झरोका पुरता मिटण्यापूर्वीच सुरू करावा लागतो आणि तेवढ्यापुरती गळती पत्करावी लागते. ही फवारणी इतक्या अल्प वेळात कशी साधायची, या एका प्रश्नाची वेगवेगळ्या उत्पादकांनी दिलेली उत्तरे म्हणजेच या तंत्रांमधला फरक.

पहिली वाट : हवेच्या जोरावर

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील संशोधक राल्फ सारिच यांनी १९७२ मध्ये ऑर्बिटल नावाचे एक आगळे इंजिन तयार करून देशभर नाव मिळवले. ते इंजिन मोटारीत कधीच आले नाही. मात्र त्यावर काम करताना त्यांच्या कंपनीने विकसित केलेले इंधन फवारण्याचे तंत्र जगभर पोहोचले. त्यात दोन पायऱ्या असतात. एक तोटी ठरलेले पेट्रोल एका छोट्या कप्प्यात सोडते. दुसरी तोटी उघडली की दाबाखालची हवा ते पेट्रोल घेऊन सिलिंडरमध्ये घुसते. इस्त्रीच्या दुकानात कपड्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारावा, तसे हवा पेट्रोलचे तुकडे तुकडे करते. थेंबाचा आकार सुमारे दहा मायक्रॉनपर्यंत, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या काही अंशावर येतो.

अमेरिकेतील मर्क्युरी कंपनीने १९९६ मध्ये हे तंत्र आपल्या मोठ्या आउटबोर्डमध्ये आणले. पुढे ही इंजिने ऑप्टिमॅक्स या नावाने ओळखली गेली. जपानच्या तोहात्सूनेही याच तंत्रावर टीएलडीआय ही मालिका काढली. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, दाब फार लागत नाही. ऑप्टिमॅक्समध्ये हवेचा दाब सुमारे ८० पौंड प्रतिचौरस इंच आणि पेट्रोलचा त्याहून थोडा अधिक असतो. मोटारीच्या टायरमध्ये तीसेक पौंड हवा भरतात, हे लक्षात घेतले म्हणजे याची कल्पना येईल. तोटा असा की, हवा दाबण्यासाठी इंजिनावर पट्ट्याने फिरणारा स्वतंत्र कॉम्प्रेसर बसवावा लागतो. वजन, आवाज आणि देखभालीचा एक अधिकचा भाग त्याच्यासोबत येतो.

दुसरी वाट : दाबाच्या जोरावर

जपानच्या यामाहाने विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी एचपीडीआय हे तंत्र आणले. येथे हवेची मदत नाही. पट्ट्याने चालणारा पंप पेट्रोललाच प्रचंड दाबाखाली ठेवतो आणि तोटी उघडताच ते बारीक फवाऱ्याच्या रूपाने सिलिंडरमध्ये येते. सुरुवातीच्या इंजिनांत हा दाब सुमारे सातशे पौंड होता. पुढे तो हजारापर्यंत नेण्यात आला. डिझेल इंजिनाशी परिचय असलेल्या अभियंत्याला ही रचना ओळखीची वाटेल. दाब सतत तयार असल्याने फवारणी केव्हा आणि किती करायची यावर नियंत्रण चांगले राहते. मात्र पेट्रोल डिझेलसारखे ओशट नसते. उच्च दाबाच्या पंपाला त्याच्याकडून वंगण मिळत नाही, म्हणून पंपाची घडण अत्यंत काटेकोर असावी लागते. इंधनात कचरा किंवा पाणी गेले तर दुरुस्ती महागडी ठरते.

तिसरी वाट : हातोड्याच्या जोरावर

तिसरे तंत्र जर्मनीत जन्माला आले. फिश्ट या कंपनीच्या अभियंत्यांनी विचार केला की, सतत दाब राखणारा पंप हवाच कशाला? प्रत्येक तोटीतच एक छोटा विद्युतचुंबकीय दांडा ठेवावा. विजेचा धक्का मिळताच तो मोकळ्या जागेतून वेगाने धावेल आणि पेट्रोलच्या स्तंभावर आदळेल. त्या आघातानेच क्षणभर दाब निर्माण होऊन पेट्रोल बाहेर फवारले जाईल. नळ एकदम बंद केला की भिंतीतल्या पाइपात जो ठोका ऐकू येतो, त्यामागचे भौतिकशास्त्र थोड्याफार फरकाने हेच. ना कॉम्प्रेसर, ना पट्टा, ना उच्च दाबाचा पंप.

जॉन्सन आणि एव्हिनरुड ही दोन्ही नावे ज्या आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनकडे होती, त्या कंपनीने या तंत्राचे हक्क घेतले आणि १९९६ मध्ये दीडशे अश्वशक्तीचे पहिले फिश्ट इंजिन बाजारात आणले. रचना देखणी होती. पण घाई महागात पडली. पहिल्या काही वर्षांत स्पार्क प्लग काळे पडणे, काजळी साचणे आणि इंजिने निकामी होणे अशा तक्रारी वाढत गेल्या. मंद आणि मध्यम वेगात सिलिंडरभर पेट्रोल न पसरवता ठिणगीजवळच त्याचा छोटा ढग तयार करायचा, ही या इंजिनांची बचतीची युक्ती. तो ढग नेमक्या जागी, नेमक्या क्षणी असावा लागतो. तो किंचित सरकला, तरी एकीकडे काजळी आणि दुसरीकडे इंधनाअभावी होणारी अतिउष्णता हे दोन्ही धोके उभे राहतात.

कंपनीपुढे इतरही आर्थिक अडचणी होत्या. पण ग्राहकांचा विश्वास उडाल्यावर सावरणे अवघड झाले. डिसेंबर २००० मध्ये या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. १९०९ पासून चालत आलेले एक नाव लिलावाच्या दारात उभे राहिले.

कॅनडाच्या बॉम्बार्डियरने २००१ मध्ये इंजिनांचा व्यवसाय विकत घेतला आणि तोटीची रचना नव्याने केली. २००३ मध्ये ती ई-टेक या नावाने समोर आली. आता दांडा आदळण्याऐवजी ध्वनिवर्धकातील कण्याप्रमाणे काम करणारी तारेची गुंडाळी आणि स्थिर चुंबक आले. स्पीकरचा कागद जसा विजेच्या संकेतानुसार पुढे-मागे हलतो, तशीच ही गुंडाळी पेट्रोल ढकलणाऱ्या दट्ट्याला दोन्ही दिशांनी ताब्यात ठेवते. परिणामी फवाऱ्याची वेळ आणि मात्रा यांवर पूर्वी न मिळालेली पकड आली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने स्वच्छ हवेसाठीच्या पुरस्काराने या तंत्राचा गौरव केला आणि कॅलिफोर्नियाच्या चिठ्ठीवरचे तीन तारेही टू-स्ट्रोक इंजिनाच्या वाट्याला आले.

तुलनेचा ताळेबंद

तिन्ही वाटांचे काही फायदे समान आहेत. पेट्रोल क्रँककेसमधून जात नसल्याने बेअरिंगांवरचे तेल धुऊन जात नाही. तेल वेगळ्या टाकीतून पंपाने थेंबाथेंबाने पोहोचवता येते. त्यामुळे त्याचा खप घटतो आणि निळा धूर जवळपास दिसेनासा होतो. इंधनाची बचत सर्वाधिक होते ती मंद वेगात. गळ टाकून नाव हळूहळू चालवताना जुने कार्ब्युरेटरचे इंजिन अडखळत, ठिणग्या चुकवत चालत असे. थेट इंजेक्शनचे इंजिन ठिणगीभोवतीच्या छोट्या ढगावर निवांत चालते. पूर्ण वेगात बचत असते, पण तिचे प्रमाण कमी होते.

फरक दिसतो तो यंत्राच्या गुंतागुंतीत. ऑर्बिटल पद्धतीत थेंब बारीक होतात आणि दाब मर्यादित राहतो, पण कॉम्प्रेसर सांभाळावा लागतो. एचपीडीआयमध्ये नियंत्रण चांगले, पण उच्च दाबाचा पंप हा नाजूक अवयव. ई-टेकमध्ये फिरणारे भाग सर्वांत कमी, पण सारी भिस्त तोटीतील विद्युतयंत्रणेवर आणि तिला चालवणाऱ्या संगणकावर. उत्पादकाने तीन वर्षे किंवा तीनशे तास ठरावीक देखभालीची गरज नाही असे सांगितले, ते याच कमी भागांच्या बळावर. तिन्ही प्रकारांत ठरलेल्या दर्जाचे तेल, स्वच्छ इंधन आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर या गोष्टींवर तडजोड चालत नाही.

लष्करी उपयोगात आणखी एक गुण पुढे आला. पेट्रोल लवकर पेट घेते, म्हणून युद्धनौकेवर त्याचा साठा करणे धोक्याचे मानतात. थेट इंजेक्शनमुळे रॉकेलच्या जातीचे, सहज वाफ न होणारे जड इंधनही टू-स्ट्रोक इंजिनात चालवणे शक्य झाले आणि अशी बहुइंधनी आउटबोर्ड अमेरिकी सैन्याने वापरली.

जिंकूनही हरलेली लढाई

मग हे तंत्र मागे का पडले? त्याचे उत्तर टू-स्ट्रोकच्या दोषांत कमी आणि प्रतिस्पर्ध्याच्या प्रगतीत अधिक आहे. होंडाने १९६४ पासूनच आउटबोर्डसाठी चार-स्ट्रोकची वाट धरली होती. तेव्हा ही इंजिने जड आणि महाग मानली जात. मोटारींच्या उद्योगातून हलके मिश्रधातू, अधिक व्हॉल्व्ह आणि स्वस्त इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आयते मिळू लागले, तसे वजनातील अंतर कमी होत गेले. चार-स्ट्रोक इंजिनात हवेच्या वाटेवरचे साधे इंजेक्शनही पुरते, कारण झरोक्यातून निसटण्याचा प्रश्न तेथे मुळातच नाही. जी स्वच्छता टू-स्ट्रोकला महागड्या तोटीने मिळवावी लागली, ती चार-स्ट्रोकला रचनेतच मिळाली. आवाज कमी, तेल मिसळण्याची कटकट नाही आणि फिश्टच्या दिवसांची कटू आठवणही नाही. ग्राहक तिकडे वळला.

यामाहाने एचपीडीआय बंद केले. मर्क्युरीने २०१८ मध्ये मोठ्या चार-स्ट्रोक इंजिनांची नवी मालिका आणली आणि ऑप्टिमॅक्स मागे पडले. मे २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, बीआरपीने एव्हिनरुड आउटबोर्डचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. ओल एव्हिनरुड यांच्या पहिल्या विक्रीपासून तेव्हा १११ वर्षे झाली होती.

आपल्या किनाऱ्यावर

या कथेचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. ऑर्बिटलचे हवेच्या साह्याने फवारणारे तंत्र पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये टू-स्ट्रोक रिक्षात आणले. नावेच्या इंजिनातील गळती आणि रिक्षाच्या इंजिनातील गळती एकच असल्याने उपायही एकच लागू पडला. शहरांत पुढे चार-स्ट्रोक, सीएनजी आणि विजेवरच्या रिक्षांनी जागा घेतली; पण पाण्यावर सिद्ध झालेले तंत्र रस्त्यावर उतरल्याचे हे दुर्मीळ उदाहरण ठरले.

समुद्रावरचे चित्र वेगळे आहे. केरळच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या असंख्य छोट्या नावा पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवल्या जाणाऱ्या साध्या आउटबोर्डवर अवलंबून राहिल्या. कोकणातही खाडीतल्या लहान होड्यांना आउटबोर्ड बसवलेली दिसतात. अशा नावेचा मालक इंजिन निवडताना ताऱ्यांच्या चिठ्ठ्या पाहत नाही. भर समुद्रात मशीन बंद पडले तर प्लग काढून पुसता यावा, कार्ब्युरेटर पान्याने उघडून फुंकता यावा आणि सुटा भाग जवळच्या बंदरात मिळावा, ही त्याची गरज. संगणक जोडल्याशिवाय दोष न सांगणारे इंजिन त्याला उपयोगाचे नाही; मग ते कितीही स्वच्छ असो. याच कारणाने कार्ब्युरेटरची टू-स्ट्रोक इंजिने श्रीमंत देशांच्या बाजारातून गेली, तरी आशिया आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर टिकून राहिली.

आणि तरीही इंधनाच्या वाढत्या खर्चाचा सर्वांत मोठा चटका याच मालकाला बसतो. भरलेल्या कॅनमधला पाव हिस्सा न जळता खाडीत जातो, तो त्याच्याच खिशातून जातो. आणि तो ज्या पाण्यात जातो त्याच पाण्यातून त्याला मासळी काढायची असते. इंजेक्शनच्या तिन्ही तंत्रांनी ही गळती थांबवता येते हे निर्विवाद सिद्ध केले. ज्याला तिची सर्वाधिक गरज होती, त्याला परवडेल आणि किनाऱ्यावर बसून दुरुस्त करता येईल असे इंजिन मात्र त्यांतले एकही तंत्र देऊ शकले नाही. आता लहान नावांसाठी चार-स्ट्रोक आणि विजेवरची इंजिने पुढे येत आहेत. त्यांचीही कसोटी प्रयोगशाळेतील आकड्यांइतकीच बंदरातल्या मेकॅनिकच्या पान्यावर लागणार आहे.